कपाटावरचा पोचा

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी ती अमावास्येला, रात्री बारा वाजता, पिंपळाखाली घडवली असती. ही घडली दिवेलागणीला, घरात, रेडिओवर बातम्या चालू असताना. भुताच्या गोष्टीला ही वेळ शोभत नाही हे मलाही कळतं. पण घडली तेव्हा घडली.

पुरावा हवा असेल तर लांज्याच्या अलीकडे माझ्या आजोळी या. ओटीवरून माजघरात जाताना डाव्या हाताला एक हिरवं लोखंडी कपाट आहे. त्याच्या दारावर एक पोचा आहे. माझ्या डोक्याच्या वीतभर वर.

आमच्या घरात तेवढ्या उंचीचं कोणी नाही.

होतं. एक जण.

मोठे मामा महिपत, धाकटे मामा भागोजी. दर वाक्याला अहो-जाहो केलं तर भूत कंटाळून निघून जातं, म्हणून दोघांचीही नुसती नावं घेतो. भागोजीला सांगू नका.

महिपत मुंबईत लिफ्टमन होता. चांगला सव्वासहा फूट. तिकडे दिवसभर स्टुलावर बसून वर-खाली करायचा आणि गावी आला की घराच्या चौकटीतून वाकून आत यायचा. लग्न राहून गेलेलं. आजी म्हणायची, "एवढ्या उंचीची मुलगी तालुक्यात नाय, आणि तालुक्याभायेर बघायला कोणाला टाइम नाय."

पंच्याऐंशीच्या शिमग्याला तो रजेवर आला. पालखी नाचवली. दुसऱ्या दिवशी छातीत कळ आली. भागोजीने त्याला रत्नागिरीला इस्पितळात नेलं.

संध्याकाळी सगळं आटपलं होतं.

भागोजी बाहेर बाकावर बसला. दिवसभर जो तो त्याला "ए, बाजूला हो" म्हणत होता. तेवढ्यात डोळ्यांचे एक डॉक्टर आले, शेजारी टेकले आणि म्हणाले, "अहो, तुम्हाला एक विचारू का?"

दिवसातलं पहिलं 'अहो'.

डॉक्टरांनी समजावलं. तुमच्या भावाचे डोळे कोणाच्या तरी उपयोगी पडतील, रात्रीच मुंबईला पाठवायला हवेत. भागोजीला आठवलं, दादा लिफ्ट थांबवून डबा खायला बसला तरी कोणी आलं की घास खाली ठेवून उठायचा. नाही म्हणणं त्याला जमतच नसे.

त्याने सही केली.

डोळे बर्फात ठेवून थर्मासमधून रात्रीच्या एसटीने मुंबईला निघाले. पण थर्मास न्यायला माणूस मिळेना. म्हणून डॉक्टरांनी आपल्याच एका पेशंटला गाडीत बसवलं. रत्नागिरीतल्याच मांडवीचे आत्माराम तांबे मास्तर. दोन्ही बुबुळं पांढरी पडलेली, मुंबईच्या इस्पितळात नाव लावून कधीचे वाट बघत होते. आता त्यांचाच नंबर होता. आपला डोळा आपणच मांडीवर घेऊन मास्तर रात्रभर बसून गेले, आणि त्यांची बायको दर वळणाला झाकण चाचपून बघत होती.

कोणाचे डोळे कोणाला गेले हे सांगायचं नसतं. कंपाउंडरने ते भागोजीला लगेच सांगितलं. आमच्याकडे न सांगायची गोष्ट आधी सांगतात.

थोडक्यात, रजा संपायच्या आत महिपतचे डोळे मुंबईला परत गेले. बाकीचा महिपत गावी आला.

पापण्या मिटलेल्या होत्या. आजीला काही कळलं नाही.

भागोजीने सांगितलं नाही.

आमच्याकडे बाराव्याला पीठ पसरतात. माणूस गेला तर पुढे कुठल्या जन्माला गेला, ते बघायला. माजघरात जमिनीवर तांदळाचं पीठ, शेजारी दिवा, आणि दार लोटून घ्यायचं. सकाळी पिठात पाऊल उमटलेलं असतं. कोणाला गाईचा खूर दिसतो, कोणाला पाखराचे पाय. आमच्या एका आजोबांच्या वेळी मुंगी आली होती. लोक म्हणाले, बरं झालं, आयुष्यात पहिल्यांदाच काही काम करतील.

सकाळी आजीने, गोदाबाईने, दार ढकललं.

पिठात… पावलं नव्हती.

हात होते.

मोठे तळवे, बोटं फाकलेली. इथे टेकलेले, तिथे टेकलेले, मध्ये बोटांचे लांब फराटे. वीज गेल्यावर माणूस खाटेखाली चप्पल शोधतो ना… तसे.

आजी पुष्कळ वेळ बघत राहिली.

"भागोजी, हा चाचपडतोय कशापायी?"

भागोजीने दिव्याची वात सारखी केली.

"बोल मेल्या. माझ्या पोराला दिसत का नाय?"

"आये, डोळे दिले."

"कोनाचे?"

"दादाचे. मांडवीच्या एका मास्तरांना. ते आंधळे होते."

आजीने कुंचा घेतला आणि पीठ झाडून काढलं. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग कुंचा जागेवर ठेवला.

त्यानंतर दीड वर्ष ती भागोजीशी एक शब्द बोलली नाही.

काही सांगायचंच असेल तर गोठ्यात जाऊन म्हशीला सांगायची. म्हशीचं नाव चिमा. "चिमे, तुज्या मालकाला सांग, तांदूळ संपले." भागोजी तिथेच पेंढा टाकत उभा असायचा. चिमा त्याच्याकडे बघायची. तो तांदूळ आणायचा.

महिनाभराने अंगणात टेम्पो आला. त्यात कपाट.

महिपतनेच शिमग्याला आला तेव्हा लांज्यात सांगून ठेवलेलं. हिरवाच रंग हवा म्हणून हटून बसल्यामुळे उशीर झाला होता. ओटीवर, माजघराच्या दाराशी ते डाव्या अंगाला उभं केलं. उजव्या अंगाला खांब होता आणि त्यावर वीज जाईल तेव्हासाठी कंदील टांगलेला. मधून एक माणूस जाईल एवढी वाट.

ज्याला दिसतं असा माणूस.

त्याच संध्याकाळी आजीने तुळशीपाशी दिवा लावला. भागोजीने ओटीवर पाट घेतला आणि रेडिओ लावला. बातम्या सुरू झाल्या.

गोठ्यात चिमाचं रवंथ थांबलं.

अंगणातल्या खडीवर… कोणीतरी चाललं.

मग पायरी. मग दुसरी.

मग काहीच नाही. चौकटीपाशी कोणी वाकलं की तेवढा वेळ जातो, तेवढं काहीच नाही.

आणि…

थड्.

कपाट हाललं. आतले रिकामे हँगर एकमेकांवर वाजले. मग पत्र्यावरून तळहात फिरला. सर्र… सर्र… वरपासून खालपर्यंत. हे काय आहे, असं विचारत असल्यासारखा.

रेडिओवर कुठल्याशा पुलाचं उद्घाटन चाललं होतं.

"मांजर असंल," भागोजीची बायको विमला म्हणाली.

"आपल्याकडे मांजर नाय."

"शेजाऱ्यांचं."

भागोजीने कपाटाकडे बोट दाखवलं. दारावर, पार वर, पोचा आलेला.

"एवढं उंच?"

विमला पुन्हा मांजराचं बोलली नाही.

पुढे हे रोजचं झालं. बातम्या लागल्या की पायऱ्या, चौकट, थड्. भागोजीने एका देवऋष्याला विचारलं. त्याने कपाट घरातून काढायला सांगितलं आणि कुठे द्यायचं तेही सांगितलं. त्याच्याच घरी.

भागोजीने मग ते समोरच्या भिंतीला सरकवलं. त्या दिवशी थड् तिथे वाजलं. आणखी सरकवलं. तिथेही वाजलं.

सकाळी आजी गोठ्यात म्हणाली, "चिमे, रोज जागा बदलली तर आंधळ्याने करावं काय? एकदा ठेवलंय तिथं ऱ्हाऊ दे म्हणावं."

कपाट पहिल्या जागी आलं.

भागोजीला भुताची भीती वाटत नव्हती. भाऊच तो. त्याला आत खात होतं ते दुसरंच. एका सहीने आपण दादाला त्याच्याच घरात आपटत फिरायला लावलं. आयुष्यभर चौकटीला न आपटलेला माणूस, आपल्यामुळे रोज आपटतो. हे खरं असेल तर आईने उरलेला जन्म बोलू नये तेच बरोबर. हे खरं आहे का, एवढंच त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. चिमाने सांगितलं असतं तरी चाललं असतं.

एका दुपारी त्याने जुनी गोधडी काढली आणि कपाटाला बांधली. वर. जिथे पोचा होता तिथे.

संध्याकाळी… धप्.

मऊ.

आजी चुलीपाशी होती. तिने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भागोजी शेतावरून आला तर कपाटावर दोन गोधड्या होत्या.

शहाऐंशीचा गणपती झाला, पितरांचा पंधरवडा लागला. आम्ही त्याला म्हाळ म्हणतो. गेलेल्याच्या नावाने एका माणसाला पाटावर बसवून जेवू घालायचं. त्या वेळेपुरता तोच पितर. बहुधा गेलेल्याच्या वयाचा, भावकीतला.

आजी गोठ्यात गेली. "चिमे, ज्याच्यापाशी माज्या म्हयपतीचे डोळे हायत त्याला म्हाळाला आन म्हणावं. एकदा घर बघून जाऊ दे डोळ्यांना."

भागोजी मांडवीला गेला.

मास्तरांच्या घरात भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. आमची वाडी कुणब्यांची. त्या काळी असे लोक एकमेकांकडे जेवायला बसत नसत, आणि का बसत नाहीत हे कोणी विचारत नसे.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. थड् सुद्धा. गडद चष्मा पुसला.

"भागोजीराव, आम्ही श्राद्ध, पितर काही मानत नाही. दीक्षेची प्रतिज्ञा आहे तशी. भूत तर अजिबात नाही."

"नका मानू. नुसते जेवायला या."

"आणि तुमच्या आई?"

"ती पितर म्हणूनच वाढणार. पन तुम्हाला तसं बोलणार नाय."

"म्हणजे मी मानायचं नाही आणि त्यांनी मानायचं."

"हां."

"आणि ताट एकच."

"हां."

मास्तर जरा हसले. मग गंभीर झाले. "मी कोण, ते त्यांना माहीत आहे?"

"हाय."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, डोळा घरचाच हाय, त्याला कसला विटाळ."

"असं तुम्हाला म्हणाल्या?"

"नाय. म्हशीला."

मास्तरांनी यावर बराच विचार केला. आणि म्हणाले, "येतो."

ते आले दुपारी, भर उन्हात. सव्वापाच फुटी, काटक माणूस. अंगणातून सरळ पायऱ्या चढले.

आणि चौकटीपाशी… वाकले.

त्यांच्या डोक्यावर अजून वीतभर चौकट मोकळी होती.

विमलाच्या हातातला तांब्या तिथेच राहिला. मास्तर ओशाळून म्हणाले, "अजून उंचीचा अंदाज येत नाही. सगळीकडेच वाकतो."

असेलही.

आजी पुढे आली. मास्तरांनी चष्मा काढला. उजवा डोळा काळाभोर, स्वच्छ. डावा पांढरा, दुधासारखा.

आजी उजव्या डोळ्याकडे बघत राहिली. मग डाव्या.

"आनि दुसरा?"

"मला एकच बसवला, आई. दुसरा तिथल्याच कोणाला तरी दिला. कोणाला, ते मला सांगितलं नाही."

घरात सगळ्यांनी धरलं होतं की डोळे म्हणजे जोडी. चपलेसारखी. एकाच घरी गेली असणार.

आजीने पाट मांडला आणि म्हणाली, "बसा."

वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी. मास्तर पोटभर जेवले. हात धुतल्यावर आजी म्हणाली, "आता एक काम करा. हे कपाट बघा."

"कपाट?"

"नीट बघा. हितं हाय. डाव्या अंगाला. हितंच ऱ्हानार. बघून ठेवा."

भूत न मानणारे मास्तर पाटावर मांडी घालून बसले आणि कपाट बघू लागले. गोधड्या सोडून दिल्या होत्या. वरून खाली, खालून वर. वर्गातल्या पोरांकडेही त्यांनी एवढं मन लावून बघितलं नसेल. आजी शेजारी उभी राहून सांगत होती, ही कड, हा पाय, हितं खांब, हितं कंदील. कोणी हसलं नाही.

मग आजीने भागोजीचा दंड धरला. दीड वर्षात पहिल्यांदा. त्याला मास्तरांपुढे उभं केलं.

"आनि हा. ह्याला पन बघा. सही ह्याने केली."

मास्तर भागोजीकडे बघू लागले.

भागोजीने त्या डोळ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तो डोळा त्याने लहानपणापासून बघितला होता.

डोळ्यातून पाणी आलं. फक्त उजव्या. मास्तरांनी ते पुसलं आणि हात जोडले. "भागोजीराव, माझी नात दोन वर्षांची आहे. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी तिला अजून आवाजावरूनच ओळखत असतो."



संध्याकाळी आजीने पीठ पसरलं. दारापासून कपाटाच्या बाजूने थेट भागोजीच्या पाटापर्यंत. कपाटावर गोधडी नव्हती.

बातम्या लागल्या.

चिमाचं रवंथ थांबलं.

खडी… पायऱ्या… चौकटीपाशी थोडा थांबा.

सगळ्यांनी खांदे आवळून घेतले.

थड् झालं नाही.

टक्.

बोट वाजवल्याएवढं. कपाटाच्या कडेला चाटून गेल्यासारखं. डाव्या खांद्याने.

मग काहीच नाही.

विमलाने दिवा खाली धरला. पिठात पावलं होती. लांबच लांब, उघड्या पायांची. दारातून आत, कपाटाला वळसा घालून, सरळ चालत आलेली. डोळस माणसाची.

ती भागोजीच्या पाटासमोर थांबली होती. दोन्ही पावलं जुळलेली. अंगठे त्याच्याकडे.

आणि… परत फिरलेलं पाऊल एकही नव्हतं.

आजीने चहा केला. कप स्वतः भागोजीच्या हातात दिला. "घे. बघतोय तुला."

भागोजीने कप खाली ठेवला. "आये… कसा बघतोय?"

"ते मी काय सांगू. डोळा त्याचा."

आईचा अबोला सुटला तो असा. पण दुसरं सुरू झालं.

रोज संध्याकाळी टक्. आणि मग समोर काहीच नाही. भागोजीने पाट हलवला, पडवीत बसून बघितलं, परसात गेला. आजी कौतुकाने पीठ टाकायची. पावलं येऊन समोर उभी असायची. आवाज होता तोवर बरं होतं, तो म्हणायचा. कुठे आहे ते कळायचं, आणि आपटतोय म्हणजे आपल्याकडे बघत नाहीये, हेही कळायचं.

पुढच्या वर्षी लांज्याच्या एसटी थांब्यावर मास्तर भेटले.

"डोळा बरा हाय ना?" भागोजीने विचारलं.

"उत्तम. फक्त…" मास्तर घुटमळले. "तुमच्याकडे जेवून गेल्यापासून एक होतं. संध्याकाळी पाव तास काही दिसत नाही. दिवा घालवल्यासारखं. मग आपोआप येतं. डॉक्टर म्हणतात, डोळ्यात दोष नाही."

"कधी होतं?"

"बातम्यांना."

दोघेही रस्त्याकडे बघत उभे राहिले. एक एसटी आली, थांबली, गेली. दोघांनाही तिनेच जायचं होतं.

"मी मानत नाही," मास्तर म्हणाले. "पण समजा असेल, तर माझी हरकत नाही. दिवसभर मी वापरतो. पाव तास त्यांनी वापरावा."

भागोजीने धीर केला. "मास्तर, तो माज्याकडे कसा बघतो हो? रागाने की…"

"मला कसं कळणार, भागोजीराव? त्या वेळी डोळा माझ्याकडे नसतो."

एकोणनव्वदच्या थंडीत मास्तर गेले. भागोजी मांडवीला जाऊन आला. मास्तरांबरोबर डोळाही गेला होता. घरी येऊन त्याने दोन्ही गोधड्या काढल्या आणि कपाटाला बांधल्या. आता पुन्हा थड् होणार. दादा पुन्हा चाचपडणार.

बातम्या लागल्या.

खडी. पायऱ्या. चौकट.

धप् झालं नाही.

टक् ही झालं नाही.

सगळे कपाटाकडे बघत होते. म्हणून ते आधी विमलाला दिसलं. उजवीकडे. खांबावर.

कंदील… हलत होता.

कोणाचा तरी उजवा खांदा लागल्यासारखा.

आजीच्या तोंडून एकच शब्द आला.

"दुसरा."

आता ती नाही. विमलामामी नाही, चिमा नाही. बातम्यांची वेळ बदलली. कपाट आणि कंदील तिथेच आहेत.

कोणाच्या तरी डाव्या डोळ्यात अजून महिपत आहे. कोण, कुठे, ते आम्हाला कधीच कळणार नाही. तुमच्या ओळखीत कोणाला रोज दिवेलागणीला पाव तास डाव्या डोळ्याने दिसत नसेल, तर त्यांना सांगा, घाबरू नका, डोळ्यात दोष नाही.

भागोजी आता म्हातारा झालाय. संध्याकाळ झाली की धुतलेला सदरा घालतो, केस विंचरतो आणि त्याच पाटावर बसतो. पण हल्ली थोडा सरकून. मी मागच्या मे महिन्यात विचारलं, मामा, असे कडेला का बसता?

म्हणाला, "डाव्या डोळ्याने बघतो ना तो आता. हितून मी त्याला नीट दिसतो."

"आणि तो तुम्हाला?"



तेवढ्यात कंदील हलला. मामाने मान वर केली. समोर, बरंच वर. सव्वासहा फुटांवर एखाद्याचं तोंड असेल तिथे.

आणि हळूच विचारलं, "रागावलास काय रे, दादा?"

मी थांबलो नाही. अंगणात येऊन उभा राहिलो. आत पुष्कळ वेळ काहीच आवाज नव्हता.